फाटकाला बांधलेले घोडे

अब्बासचाचा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. आधी पाय बघायचा. मी त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा इस्त्रीची पँट, पांढरा सदरा, खिशाला पेन अशा थाटात होतो. कुवेतला येऊन तीन आठवडे झाले होते आणि आपण कोणीतरी आहोत ही समजूत अजून ताजी होती. साहेबाची चिठ्ठी घेऊन मी त्याच्या तबेल्यात गेलो. एका घोड्याचा मागचा पाय मांडीत धरून तो कानशीने खूर घासत होता. माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, "डावा पाय आत टाकतोस. कुटला तू?"

"रत्नागिरीकडचा. दाभोळजवळ."

"खाडीच्या कुटल्या अंगाला?"

मी गावाचं नाव सांगितलं. तेव्हा कुठे त्याने मान वर केली. "म्हंजे आमच्या समोरचा. भट काय?" मी हो म्हटलं. "मग लांब उभा रव्ह भटा. लाथ बसली तर तुझी इस्त्री मोडंल." चिठ्ठी त्याने घेतली आणि न वाचता कमरेला खोचली. वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

शहराच्या कडेला, बनेद अल-गार वस्तीच्या मागे, जिथे तेव्हा घरं संपून वाळू सुरू होत असे, तिथे पत्र्याच्या छपराचा हा लांबट तबेला होता. दहाबारा घोडे. मालक सगळे गोरे. कोणी तेलाच्या कंपनीत, कोणी बँकेत, आणि आमचा साहेब आयातीच्या पेढीत. संध्याकाळी ऊन उतरलं की येऊन घोड्यावर बसायचे, समुद्राकाठी फेरी मारून परत जायचे. घोड्यांची उरलेली सगळी जबाबदारी चाचाची. नालबंद तो, घोडे राखणारा मोतद्दार तो, वैद्यही तोच. लहानपणी मुंबईत अरबी घोड्यांच्या सौदागरांकडे शेण काढायला लागला, तिथे नाल ठोकायला शिकला आणि एका सौदागराबरोबर गलबतात बसून इकडे आला. मी पाहिला तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. उजव्या हाताची दोन बोटं कुठल्याशा घोड्याने चावून वाकडी केलेली. बायको-मुलं खाडीपलीकडे, चारपाच वर्षांतून एकदा भेटणारी.

गोड बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. साहेबलोक घोड्यांना कौतुकाची नावं ठेवायचे. चाचाच्या तोंडी एकही नाव कधी आलं नाही. "तो काळा", "ती खोकणारी", "बँकवाल्याचा" असं म्हणायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "नाव ठेवला की हाक मारावी लागती. हाक मारली की तो येतो. कशाला बोलवा?" मला वाटलं, म्हातारा खडूस आहे. तसा तो होताच. पण का होता, हे समजायला मला एक घोडी मारावी लागली. मुद्दाम असंच लिहितो आहे. इतकी वर्षं मी ते गुळगुळीत करून सांगत आलो.

मे महिना लागला की साहेबांच्या बदल्या निघत. कोणी रजेवर, कोणी कायमचा मायदेशी. सामानाच्या पेट्या ठोकल्या जात, गाड्या विकल्या जात. घोडा विकला जात नसे, कारण घ्यायला कोणी नसे. ज्याला त्याला मोटार हवी होती. मग जायच्या दिवशी सकाळी घोडा तबेल्याच्या फाटकाला बांधलेला सापडायचा. तोंडाच्या मोरकीला कधी चिठ्ठी, कधी गाजरांची पिशवी. चाचाला समोरासमोर सांगायचीही लाज वाटायची त्यांना. एक मेमसाहेब मात्र स्वतः आली होती, तेव्हा मी तिथेच होतो. घोड्याच्या मानेला मिठी मारून रडली आणि "याला चांगलं घर बघून दे" म्हणाली. चाचा म्हणाला, "अच्छा मेमसाब. खलास. जाओ." ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "बंदूक घरात टांगलेली हाय. एक गोळी घालवत नाय. रडतो, दोर बांधतो नि इमानात बसतो."

चांगली घरं खरोखरच मिळतात असं मी धरून चाललो होतो. घोडे थोडे दिवस तबेल्यात दिसत, मग दिसेनासे होत. खरं काय ते मला खानावळीत कळलं. आमच्याकडच्या मुसलमान मंडळींची तिथे एक खानावळ होती. बोटींवरचे, दुकानांतले, सरकारी कचेऱ्यांतले शिपाई सगळे तिथे जेवत. मला भात-आमटी मिळायची म्हणून मीही जायचो. चाचा आला की त्याच्या पंगतीला कोणी बसत नसे. मी बसलो, तर वाढणारा कानाशी येऊन म्हणाला, "भटजी, तुमाला ठाव नाय काय? तो घोडे कापतो."

मी ताटावरून उठलो. हात धुतले आणि चालू लागलो. चाचाने भात संपवला.

पुढे त्यानेच एकदा, मी न विचारता, नाल ठोकता ठोकता सांगितलं. शहरात पूर्वी पाणी गाढवांवरून यायचं. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना झाला, पाण्याच्या मोटारी फिरू लागल्या आणि एका वर्षात गाढवं बेवारस झाली. रस्त्यात उभी असायची. कोणी मारी, कोणी मोटार घाली. मग एक ठेकेदार उगवला. शहरातल्या एका बड्या असामीने बागेत सिंह पाळले होते, आणि शिकारी कुत्रे तर ढिगाने. त्यांना मांस पुरवायचा ठेका याच्याकडे. त्याने वाळवंटाच्या कडेला पत्र्याचं कुंपण घालून एक वाडगं केलं, त्यात गाढवं नि घोडे गोळा केले. त्या उन्हाळ्यात कापलेलं मांस दुपारपर्यंतही टिकत नाही. म्हणून जनावरं जिवंतच ठेवायची, लागतील तशी कापायची. आणि कापायचीच आहेत म्हटल्यावर चारापाणी कोण घालणार? चाचा एकदा तिथे नालांचं जुनं लोखंड आणायला गेला होता. "एक गाढव स्वताचा दोर खात होता," तो म्हणाला. "अर्धा पोटात, अर्धा भायेर. मी वढला तर भायेर येईना."

त्यानंतर त्याने ठेकेदाराशी ठरवून टाकलं. माझ्या फाटकाला जो घोडा बांधला जाईल तो तुझ्या वाडग्यात यायचा नाही. सिंहांना मांस द्यायचा वार येईल तोवर तो माझ्याकडे खाईल, पाणी पिईल, आणि त्या दिवशी मी कापून देईन. ठेकेदाराला कसाई फुकट मिळाला, त्याने मान डोलावली. चाचा आधी चारी नाल काढायचा. घोड्याला पोटभर पाणी पाजायचा. सुरी पाठीमागे लपवलेली, ती घोड्याला दिसू द्यायची नाही. डोळ्यावर तळहात, तोंड काब्याकडे, ओठांत अल्लाचं नाव आणि एकच हात. खानावळीतल्या लोकांनी मौलवींनाही विचारून पाहिलं होतं. ते म्हणाले, आपल्या शाफई पंथाच्या लोकांना घोडा कापणं हराम नाही, पण करू नये. चाचा त्यावर म्हणे, "करू नये ता मला बी ठाव. मग कोण करणार? मौलवी?"

हे सगळं ऐकूनही मला तो कसाईच वाटत राहिला. सुरी ती सुरीच, असा माझा हिशेब.

अठ्ठावन्नच्या मेमध्ये आमच्या साहेबाची बदली झाली. त्याची एक तांबूस घोडी होती, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी. आमच्या आजोबांच्या तोंडून हा शब्द ऐकलेला, पण डोळ्यांनी असं जनावर मी प्रथमच पाहत होतो. साहेबाने मला बोलावून म्हटलं, घोडी म्हाताऱ्याकडे पोचव. म्हणजे फाटकाला बांधायचं काम या खेपेला माझ्याकडे. मी बांधली. चाचाने तिचे पाय बघितले, दात बघितले आणि म्हणाला, "पुढच्या बेस्तरवारी."

गुरुवार हा सिंहांचा वार. मधले आठ दिवस मी रोज कचेरी सुटली की तबेल्यात जायचो. लसूणघास घालायचो, खरारा करायचो. ती माझ्या हाताचा वास घेई आणि मग खाई. मी तिला नाव ठेवलं, हाकही मारू लागलो. ते नाव इथे लिहीत नाही. मंगळवारी मी चाचाला म्हटलं, "चाचा, ही पंचकल्याणी आहे. हिला कापू नका. शुभ जनावर आहे."

"शुभ हाय तर तिचा शुभ कर. तू पाळ."

"आम्ही एका खोलीत पाच जण राहतो."

"मग मला कशाला सांगतोस?"

मला त्या रात्री झोप आली नाही, आणि पहाटे एकदम सुचलं. आमच्या गावात देवाच्या नावाने वळू सोडत. कपाळाला कुंकू लावायचं, दोर काढायचा, हात जोडायचे. मग तो कुणाचा नाही आणि सगळ्यांचा. कोणाच्या अंगणात पेंढा खाईल, कोणाच्या परड्यात काकडी खाईल, कोणी काठी उगारणार नाही. इतकं सोपं आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. कचेरीत पोट बिघडल्याची थाप मारली. दुपारी उन्हात सगळं शहर दार लावून झोपतं, चाचाही घोंगडी टाकून झोपलेला. मी घोडी सोडली आणि तिला घेऊन हवल्ली गावाच्या बाजूला तासभर चालत गेलो. तिकडे विहिरी होत्या, भाजीचे मळे होते. आईने पाठवलेल्या अंगाऱ्याच्या पुडीत कुंकू होतं, ते लावलं. मोरकी काढली. ती जागची हलेना. मी हात जोडले आणि मागे न बघता निघालो. थोडं अंतर ती मागून आली. मी दगड मारला. दोन मारले.

परतताना अंगावर कपडे नसल्यासारखं हलकं वाटत होतं. खोलीतल्या चौघांनी पाठ थोपटली. एकाने चहा केला. मी त्याच दिवशी आईला पत्र लिहिलं, पंचकल्याणी घोडी देवाच्या नावाने सोडली म्हणून.

संध्याकाळी तबेल्यात जाऊन चाचाला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे विचारलं, "मोरकी काडलीस?"

"काढली."

"नाल?"

"ते कसे काढणार?"

"म्हंजे मालकाची खूण काडलीस नि लोखांड तसाच ठेवलास." मग तो भिंतीला टेकून बसला. "तुझ्या गावात वळू सोडतात, तर मागं गाव असता भटा. हितं गाव कुटं हाय?"

तबेला दुसरीकडच्या एका मोतद्दारावर टाकून तो तिला शोधायला गेला. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "चल. तुझा पुण्य दाखवतो."

वाडग्याच्या बाहेरूनच वास येत होता. आत सहासात गाढवं, एक उंट आणि ती. पहिल्या रात्रीच ती एका मळ्यात शिरली होती. माळ्याने फावडं घातलं ते पुढच्या उजव्या गुडघ्यावर. सकाळी ठेकेदाराच्या माणसांनी लंगडती बेवारस घोडी बघितली आणि ओढत आणली. गुडघा कलिंगडाएवढा सुजला होता. जखमेत किडे वळवळत होते. ती तीन पायांवर उभी होती आणि समोरचा पत्रा चाटत होती. कपाळावर कुंकवाचा डाग तसाच. मी तिला हाक मारली. तिने कान हलवले आणि यायला निघाली. तो पाय टेकताना तिच्या तोंडून जो आवाज आला, तो घोड्याचा आवाज नव्हता.

ठेकेदार सावलीत हुक्का ओढत बसला होता. चाचाने त्याला सांगितलं, ही माझ्या फाटकावरची, मला आत्ता कापू दे. तो म्हणाला, मोरकी नव्हती, दोर नव्हता. बेवारस ते माझं. आणि आज कापून काय करू? सिंह परवाच खाऊन झोपले. हिच्याआधी दोन गाढवं आणि उंट आहे. हिची पाळी पुढच्या आठवड्यात. चाचाने डोक्याचं फडकं काढून त्याच्या पायाशी ठेवलं. साहेबांपुढेही जो कधी वाकला नाही तो मोडक्या अरबीत गयावया करत होता. ठेकेदाराने फडकं पायाने बाजूला सारलं आणि आपल्या माणसांकडे बघून हसला. इतकी वर्षं मांस त्याला मिळत होतं, पण फाटकावरच्या घोड्यांवर हुकूम चाचाचा चाले, त्याचा राग तो असा काढत होता.

बाहेर आल्यावर मी रडू लागलो. चाचाने माझी मनगटं धरली. "रडू नको. साहेब बी रडतात. रोज दोन डबे पाणी आणायचा. तू सोडलीस, तू पाज."

सात दिवस मी रोज कचेरी सुटल्यावर घासलेटचे दोन रिकामे डबे पाण्याने भरून पाऊण तास चालत गेलो. पाणी घातलं की ती पिई आणि आणखी एक दिवस जगे. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पाणी बंद केलं तर ती लवकर सुटेल, असं मी चाचाला म्हणालो. "तहानेनं मरायला चार दिस लागतात," तो म्हणाला. "तू कर नि मग मला सांग." मी पाणी नेत राहिलो. पाचव्या दिवशी ती बसली. उंटाला त्या दिवशी कापलं होतं, ते तिच्या समोरच. ठेकेदाराची माणसं मला "पाणीवाला हिंदी" म्हणत आणि माझ्याकडे बघून माशा हाकलल्यासारखे हात करत.

आठव्या दिवशी तिची पाळी आली. चाचाने ठेकेदाराच्या कसायाला बाजूला केलं. आधी खाली बसून चारी नाल काढले. दुखऱ्या पायाचा नाल काढायला त्याला फार वेळ लागला, कारण तो प्रत्येक खिळ्याआधी थांबत होता. मग मला म्हणाला, "ये. डोळ्यावर हात ठेव."

"चाचा, मला नाही जमणार. मी ब्राह्मण आहे."

"ती काय जात इचारतीय? तुझा वास वळखती ती. माझा नाय."

मी गुडघे टेकून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळ्यावर तळहात ठेवला. पापण्या माझ्या हातात फडफडत होत्या. तिने माझ्या सदऱ्याचा वास घेतला आणि एक मोठा श्वास सोडला, खाताना सोडायची तसा. चाचाचा हात कधी फिरला ते मला दिसलं नाही. मांडी गरम झाली, इतकंच.

त्याने माझे हात धुतले. साबण लावून, नखांतून, लहान मुलाचे धुवावेत तसे. परत चालत येताना वाटेत एका टपरीवर त्याने दोन चहा सांगितले. माझा कप तसाच राहिला, तेव्हा तोही त्यानेच पिऊन टाकला.

आईचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. आईला लिहिता येत नसे, वहिनी लिहायची. देवळात सगळ्यांना सांगितलं, पुजाऱ्यांनी नारळ दिला, परदेशात राहूनही पोराने धर्म सोडला नाही असं सगळे म्हणतात, असं काय काय होतं. मी ते पत्र चाचाला वाचून दाखवलं. का दाखवलं कोण जाणे, शिव्या खायच्या होत्या बहुतेक. तो म्हणाला, "लिव्ह तिला खरा." मी लिहिलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. आई दर पत्रात घोडीचं विचारायची. आता शिंगरू झालं असेल का, असंही एकदा विचारलं. मी लिहीत असे, ठीक आहे.

पुढच्या मेपासून फाटकाला घोडा दिसला की चाचा माझ्याकडे निरोप धाडायचा. मी जायचो. खानावळीत आता माझ्याही पंगतीला कोणी बसत नसे; आम्ही दोघे समोरासमोर जेवायचो. कुवेत स्वतंत्र झालं, गोरे कमी होत गेले, आणि जसजसे ते गेले तसतसे फाटकाला बांधलेले घोडे वाढले. एका आठवड्यात पाच. त्या आठवड्यात चाचा फक्त "पानी" आणि "हात" एवढेच दोन शब्द बोलला. शेवटचा घोडा झाला तेव्हा तबेला रिकामा होता. मालकाने जागा मोटारींच्या गॅरेजला दिली. चाचाने हातोडी, कानशी, चिमटा पोत्यात बांधला आणि बोटीचं तिकीट काढलं. धक्क्यावर मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर पाय मागे घेतले. माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, "अजून आत टाकतोस."

त्यानंतर तो मला दिसला नाही. दोन पावसाळ्यांनंतर गावीच वारला. पण त्याआधी, गावी पोचल्यावर महिन्याभरात, तो खाडी ओलांडून आमच्या घरी गेला होता. हे मला आईच्या पत्रातून कळलं. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. वहिनीच्या अक्षरात, नेहमीपेक्षा बरंच आखूड.

"चि. बाळास आशीर्वाद. तुझे अब्बासचाचा येऊन गेले. ओटीवर बसले. मी घोडीचं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. फावडं, किडे, पाणी, सगळं. मी म्हटलं, बाळ मला ठीक आहे म्हणून लिहितो. तर म्हणाले, बाय, तो भितो तुला, पण हात चांगला ठेवतो. मग ताक घेतलं आणि गेले. मी दोन दिवस जेवले नाही. आता जेवते. देवळात जाऊन नारळ परत केला. रागावले नाही तुझ्यावर. पण पुन्हा कुठलं मुकं जनावर देवाच्या नावावर सोडू नकोस. देवाला ते सांभाळता येत नाही."